शारदा सदनाचे सल्लागार बाहेर पडले तेव्हा

१३ ऑगस्ट १८९३ ला पुण्याहून बॉस्टनला एक पत्र गेले. लिहिणारे होते महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि त्यांचे सहकारी, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचे पुण्यातले सल्लागार मंडळ. मजकूर थोडक्यात असा: सदनातल्या बऱ्याच मुली बाईंच्या प्रार्थनेला नेमाने बसतात, बायबल वाचतात. मुलींना बसू द्या असे बाई पालकांनाही सुचवतात. संस्था जर उघडपणे मिशनरी वळणाने चालणार असेल, तर तिच्याशी आमचा संबंध राहणार नाही. पत्र वर्तमानपत्रांतून गाजले, आणि पालकांनी एकामागून एक येऊन मुली नेल्या.

हे प्रकरण मराठी वाचकाला तसे अपरिचित नाही. पण ते सांगायची एक ठराविक पद्धत पडून गेली आहे. एका गटाला रमाबाईंनी विश्वासघात केला असे वाटते, दुसऱ्याला पुण्याच्या सुधारकांनी कच खाल्ली असे वाटते. मी पेशाने इंजिनियर. नोकरीतली बरीच वर्षे करारनामे वाचण्यात आणि त्यांतली कलमे दोन बाजूंनी दोन तऱ्हांनी कशी वाचली हे निस्तरण्यात गेली. ती सवय घेऊन मी या प्रकरणाकडे पाहतो. कुणी लबाडी केली हा प्रश्न मला मोठा वाटत नाही. करार काय होता, सही कुणाची होती, पैसा कुणाचा होता आणि नाव कुणाचे होते, हे आधी पाहू.

पैसा बॉस्टनचा होता. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत पोचल्या. तिथे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली, आणि १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल, युनिटेरियन पंथाचे. बाकी पदाधिकारी वेगवेगळ्या पंथांचे. उच्चवर्णीय हिंदू विधवांच्या शाळेला दहा वर्षे पैसे पुरवायचे, असे असोसिएशनने कबूल केले. इतक्या पंथांचे लोक एका टेबलाशी बसल्यावर कुणा एका पंथाचा धर्म शिकवणे शक्यच नव्हते. शाळा पंथनिरपेक्ष राहील ही अट हिंदूंच्या सोयीसाठी घातली गेली असे आपण धरून चालतो. माझ्या मते तिच्यात अमेरिकन घरातली तडजोडही तेवढीच होती.

ज्या वाँटेजच्या भगिनींनी रमाबाईंना ख्रिस्ती धर्माच्या उंबरठ्यापर्यंत आणले, त्यांना हे मुळीच पसंत नव्हते. रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली छापला आहे. तो जरूर वाचावा. बाई चर्चच्या शिस्तीत बसत नाहीत, त्यांचे विचार स्वतःचेच असतात, ही तक्रार त्यात पानोपानी आहे. भारतात परतल्यावर ख्रिस्त वगळून शाळा चालवतात म्हणून मिशनरी मंडळींनीही त्यांना बोल लावला. म्हणजे सदन सुरू झाले तेव्हा ते दोन्ही बाजूंच्या संशयातच सुरू झाले.

उद्घाटन मुंबईत ११ मार्च १८८९ ला झाले. आनंदीबाईंना पदवी मिळाली ती तारीखही ११ मार्चच. अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिचे बंधू नरहरपंत जोशी यांनी तिला आणून घातले. सदनात स्वयंपाकाला ब्राह्मण, सोवळेओवळे ज्याचे त्याने पाळावे, ग्रंथालयात हिंदू धर्मग्रंथ आणि बायबल दोन्ही. प्रार्थना बाई आपल्या खोलीत मुलगी मनोरमेबरोबर करत. खोलीचे दार उघडे असे. हे उघडे दार लक्षात ठेवावे, कारण पुढचा सगळा तंटा त्याच्याभोवती फिरतो.

आता नावाकडे येऊ. बॉस्टनने पैसे दिले तरी रत्नागिरीच्या किंवा वाईच्या एखाद्या भटजीला बॉस्टन काय माहीत? विधवा झालेली सोळा वर्षांची मुलगी एका बाटलेल्या बाईच्या घरी पाठवायची, तर पालकाला कुणीतरी आपल्यातला माणूस हमी द्यायला लागतो. ती हमी म्हणजे सल्लागार मंडळ. आधी मुंबईत आणि नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्यात आल्यावर पुण्यात, नामवंत हिंदू सुधारकांनी आपली नावे दिली. या मंडळाच्या हाती पैसा नव्हता, शिक्षक नेमण्याचा अधिकार नव्हता, बाईंना आदेश देण्याचाही नव्हता. त्यांच्याकडे फक्त पत होती आणि ती त्यांनी वापरू दिली. आमच्या भाषेत सांगायचे तर कामावर नियंत्रण शून्य आणि परफॉर्मन्स गॅरंटी मात्र यांची. असा करार कुणी माझ्यासमोर ठेवला असता तर मी सही केली नसती. रानडे-भांडारकरांनी केली, ती काम महत्त्वाचे वाटले म्हणून. ते श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

त्यांची पत त्या दिवसांत किती नाजूक झाली होती हेही पाहा. सदन पुण्यात आले त्याच्या एकच महिना आधी, ऑक्टोबर १८९० मध्ये, पंच हौद मिशनमधले ते प्रसिद्ध चहापान झाले. रानडे गेले होते, टिळकही गेले होते. मिशनऱ्यांकडचा चहा घेतला की नुसता पुढ्यात आला यावरून पुण्यात प्रायश्चित्ताचे रण माजले. गंमत अशी की पंच हौदाचे मिशन चालवणाऱ्यांत त्याच वाँटेजच्या भगिनी होत्या. पुढच्या मार्चमध्ये संमतिवयाचा कायदा आला आणि शहर आणखी दुभंगले. १८९२ मध्ये रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले. पत्नी रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत ते दिवस लिहिले आहेत. भांडारकरांनी तर १८९१ मध्ये आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह करून दिला होता. म्हणजे हे कुणी भित्रे, सनातनी गृहस्थ नव्हते. सुधारणेपायी स्वतःच्या घरात किंमत मोजलेली ही माणसे होती आणि त्यांची शिल्लक संपत आली होती.

'केसरी'चा मारा तर पहिल्यापासून होता. १८८९ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात सदनातल्या काही विधवांना ख्रिस्ती धर्माची ओढ वाटू लागल्याचा मजकूर आला. तो पुण्यात पोचायला फार दिवस लागले नाहीत. अमेरिकेतल्या देणगीदाराला सुखावण्यासाठी लिहिलेले वाक्य इथल्या पालकाच्या हाती पडले की काय होते, याचा हा जुना नमुना. आजही बाहेरून पैसा घेणाऱ्या संस्थेचा वार्षिक अहवाल दोन ठिकाणी वाचला जातो, आणि लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा एकच वाचक असतो.

याच सुमारास रमाबाई आतून बदलत होत्या. 'माझी साक्ष' या निवेदनात त्यांनी स्वतः सांगितले आहे की बाप्तिस्मा घेतल्यानंतर आठेक वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या आसपास, त्यांना खरा ख्रिस्त सापडला. तोवर धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता, असे त्या म्हणतात. माझ्या दृष्टीने या प्रकरणातली ही सर्वांत महत्त्वाची नोंद. १८८९ च्या रमाबाई आणि १८९३ च्या रमाबाई एकाच कागदाखाली सही करणाऱ्या दोन वेगळ्या व्यक्ती होत्या. कागद बदलला नव्हता. दारही तेच, उघडे. पण आतल्या प्रार्थनेची ऊब वाढली होती आणि ज्या बाईने आपल्याला जेवू घातले, लिहायला शिकवले, केशवपनाच्या लाजेतून बाहेर काढले, तिच्या प्रार्थनेत जाऊन बसावे असे पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला वाटणारच. त्याला जबरदस्ती म्हणता येत नाही, तटस्थताही म्हणता येत नाही.

करारात दोन गोष्टी होत्या. एक, सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही. दोन, कुणाच्या धर्मस्वातंत्र्याच्या आड यायचे नाही. सल्लागारांनी पहिलीवर बोट ठेवले. मुली प्रार्थनेला बसतात म्हणजे शिक्षण चालूच आहे, तेव्हा दार लावा. रमाबाईंनी दुसरीवर बोट ठेवले. मी ख्रिस्ती आहे हे कुणापासून लपवले नाही, माझ्या खोलीत मी प्रार्थना करणार, मुलींना मी बोलावत नाही आणि हाकलूनही देणार नाही. दोन्ही वाचने कागदाला धरूनच होती. मात्र जो मुद्दा खरोखर निकाली काढायला हवा होता त्याबद्दल कागद मुकाच राहिला: संमती कुणाची, मुलीची की पालकाची?

सल्लागार म्हणणार, पालकाची. मुली अज्ञान आहेत, आम्ही शब्द पालकांना दिला आहे. यात खोट काढता येत नाही. पण हा पालक कोण? पुष्कळ बाबतींत तोच बाप किंवा सासरा, ज्याने तिचे केस उतरवले, तिला एका लुगड्यावर मागल्या सोप्यात बसवले. त्याच्या संमतीने ती सदनात आली हे खरे. त्याची संमती संपली की तिचे शिक्षणही संपणार, हेही तितकेच खरे. १८८२ मध्ये हंटर कमिशनसमोर स्त्रियांना शिक्षक आणि डॉक्टर हवेत म्हणून साक्ष देणाऱ्या रमाबाईंना पालक नावाच्या संस्थेबद्दल किती विश्वास असेल, हे सांगायला नको.

ऑगस्टच्या पत्राचा परिणाम मोजायचा तर तो बॉस्टनच्या हिशेबवहीत दिसत नाही. असोसिएशनने रमाबाईंचीच बाजू घेतली. कार्यकारी समितीच्या जुडिथ अँड्र्यूज त्या सुमारास स्वतः पुण्यात येऊन, राहून, सगळे पाहून गेल्या. पैसा चालू राहिला. बॉस्टनच्या पैशातून पुण्यात सदनाला मिळालेली वास्तूही तिथेच उभी राहिली. काढून घेतली गेली ती फक्त चार-पाच माणसांची नावे. सदनावर ताशेरे ओढणाऱ्या वर्तमानपत्रांनी चार वर्षांत जे साधले नव्हते ते या नावांच्या जाण्याने काही दिवसांत झाले, कारण पालक त्याच नावांच्या भरवशावर होते.

इथे थोडे स्वतःविषयी. काही वर्षांपूर्वी मी एका शैक्षणिक संस्थेला दरवर्षी देत असलेली देणगी बंद केली. संस्थेने एका अशा उद्योगाशी भागीदारी केली, ज्याच्या सांडपाण्याने एका गावाची विहीर गेलेली मी नोकरीत असताना डोळ्यांनी पाहिली होती. त्यांच्या फलकाखाली माझे नाव नको, एवढे कळवून मी थांबलो. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पण माझ्या देणगीवर दोन मुलांची फी भरली जात होती. तेव्हा त्या दोघांची पुढची दोन वर्षांची फी मी थेट त्यांच्या कॉलेजात भरली. रानडे-भांडारकरांचे पत्र वाचताना मी म्हणूनच एक ओळ शोधत होतो: मुलींचे पुढे काय? आम्ही बाहेर पडतो, ज्या मुलींचे पालक सदनावर अविश्वास दाखवतील त्यांची व्यवस्था आम्ही अमुक ठिकाणी करू, अशा अर्थाची. जबाबदारी झटकल्याची भाषा स्पष्ट आहे. ही ओळ मात्र नाही.

आणि ती असती तरी पाठवायचे कुठे? पुण्यात हुजूरपागेची शाळा १८८४ पासून होती, पण उच्चवर्णीय विधवेने राहून शिकावे अशी दुसरी जागा शहरात नव्हती. ज्या मुली १८९३ मध्ये नेल्या गेल्या त्या घरी गेल्या. घरी म्हणजे मागल्या सोप्यात. मीरा कोसंबी यांच्यासारख्या अभ्यासकांनी रमाबाईंचे सगळे लेखन पुढे आणल्यामुळे बाईंची बाजू आता आपल्याला त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळते. रानडे-भांडारकरांचीही मिळते. परत नेलेल्या मुलींची बाजू कुणी लिहून ठेवली नाही.

पर्याय उभा राहायला तीन वर्षे गेली आणि तो उभारला सदनाच्याच एका जावयाने. धोंडो केशव कर्वे मुंबईत नरहरपंत जोशींच्या बिऱ्हाडी राहत. नरहरपंतांची बहीण गोदूबाई, सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी, हिच्याशी त्यांनी पुण्यात लग्न केले. तारीख पुन्हा ११ मार्च, साल १८९३. पत्र जायच्या पाच महिने आधी! तीच पुढे आनंदीबाई, म्हणजे सर्वांच्या बाया कर्वे. 'माझे पुराण' हे त्यांचे आत्मचरित्र वाचले नसेल तर जरूर मिळवा, सदनातले दिवस त्यात फार सरळपणे आले आहेत. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली, स्वतःच्या शिलकीतले एक हजार रुपये पहिली देणगी म्हणून दिले, आणि मग वर्षानुवर्षे दारोदार फिरून आणे-रुपये जमवले. आश्रम १९०० मध्ये हिंगण्याला गेला. मंडळीचे अध्यक्ष होते डॉ. भांडारकर.

मला यात भांडारकरांचे उत्तर दिसते, उशिरा आलेले पण खरे. पत काढून घेऊन ते स्वस्थ बसले नाहीत, ती दुसरीकडे लावली. आणि कर्व्यांनी सदनाच्या अनुभवातून नेमका धडा घेतला. पुनर्विवाहाची चळवळ त्यांच्या जिव्हाळ्याची, स्वतः पुनर्विवाह केलेला, पण ते काम आणि आश्रमाचे काम त्यांनी मुद्दाम वेगळे ठेवले. आश्रमात घातलेल्या मुलीचे लग्न लावून टाकतील अशी भीती पालकाला वाटली, तर तो मुलगी नेणार हे त्यांना १८९३ ने शिकवले होते. या सावधपणाची किंमतही होती. हिंगण्याचा आश्रम अनेक वर्षे पालकांच्या कलाने चालला आणि ज्या धीटपणाची जागा सदनात होती ती तिथे सुरुवातीला नव्हती. बाया कर्व्यांनाच आश्रमापासून अंतर राखावे लागले, कारण पुनर्विवाहितेचा वावर पालकांना चालला नसता. त्यांच्या धाकट्या बहिणीने, पार्वतीबाई आठवले यांनी, मात्र हिंगण्यात आयुष्य घातले आणि आश्रमासाठी निधी गोळा करत त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या.

सदनाकडे पाहिले तर पत्राचा परिणाम उलट दिशेने झाला. हिंदू सल्लागार गेल्यावर तटस्थ राहण्याचे कारण उरले नाही. १८९५ मध्ये सदनातल्या काही मुलींनी उघड बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या, पुण्यात प्लेग शिरला आणि सगळा संसार दौंडच्या वाटेवर केडगावला हलला. तेच मुक्ती सदन. १८९८ मध्ये बॉस्टनची दहा वर्षांची मुदत भरली. नवी अमेरिकन असोसिएशन झाली ती तटस्थतेच्या अटीशिवाय. सल्लागारांनी ज्या गोष्टीच्या भीतीने संबंध तोडला ती संबंध तोडल्यावर पाच वर्षांत पूर्णपणे घडून आली. ते आत राहिले असते तर टळली असती? बाईंचा स्वभाव पाहता मला तसे वाटत नाही. पण त्या पाच वर्षांत आणखी वीस-पंचवीस मुलींचे शिक्षण पुरे झाले असते, एवढे मला वाटते.

आता आपल्याकडचा धागा. रमाबाईंचे काम शेवटच्या काळात निजामाच्या राज्यात पोचले. १९१३ च्या सुमारास त्यांनी गुलबर्ग्याला मुलींसाठी शाळा काढली आणि ती मनोरमाबाईंकडे सोपवली. उघड्या दाराच्या आत आईशेजारी प्रार्थनेला बसणारी ती हीच मुलगी. मनोरमाबाई १९२१ च्या जुलैत गेल्या, रमाबाई त्यानंतर नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ ला. गुलबर्गा तेव्हा हैदराबाद संस्थानात होते आणि तिथल्या मराठी घरांतल्या मुली या शाळेत गेल्या असणे अगदी शक्य आहे. हैदराबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या पट्ट्यातल्या वाचकांना माझी विनंती आहे. आजी-पणजीची प्रगतिपुस्तके, दाखले, शाळेचे फोटो, ख्रिस्ती शाळेत मुलगी घालावी की नाही यावरून घरात झालेल्या वादाची एखादी पत्रिका, असे काही माळ्यावर असेल तर मंडळाला कळवा. मूळ कागद आपल्याजवळच ठेवा, आम्ही घरी येऊन छायाचित्र घेऊ.